विधवांचा न्यायाधीश की विधवांचा आधार? : तंजावरच्या मराठी राज्याच्या संदर्भात बायबलमधील न्यायकल्पनेचा विचार

तंजावरच्या मराठी राज्याचा विचार मराठी अभ्यासकांनी मुख्यतः सरस्वती महाल ग्रंथालय, तेथील नाटके, कीर्तनपरंपरा आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ शिलालेख यांच्या अंगाने केला आहे. त्याच काळातला आणि त्याच राजाशी निगडित असा दुसरा एक कोरीव मजकूर मात्र या अभ्यासाच्या कडेलाच राहिला. सरफोजी (दुसरे) यांनी आपले गुरू आणि पालक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या कबरीसाठी स्वतः रचलेला हा लहानसा इंग्रजी पद्यलेख होय. वाङ्मय म्हणून त्याची योग्यता फार मोठी नाही. एका मराठी राजाने परक्या भाषेत, परक्या धर्माच्या उपदेशकासाठी केलेली ती साधी रचना आहे. तिच्यात श्वार्ट्झचा गौरव अनाथांचा पिता आणि विधवांचा आधार या आशयाच्या शब्दांनी केला आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा आरंभ याच जोडीपासून होतो.

अनाथ आणि विधवा ही जोडी सरफोजींची स्वतःची नव्हे. ती बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या अडुसष्टाव्या स्तोत्रातून आलेली आहे, आणि श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेल्या राजपुत्राच्या कानावर ती अनेकदा पडली असणार. मात्र मूळ हिब्रू वचनात आणि सरफोजींच्या ओळीत एक फरक आहे. हिब्रूत अनाथांसाठी 'पिता' हाच शब्द असला तरी विधवांसाठी आलेला शब्द 'दय्यान' असा आहे, आणि दय्यान म्हणजे न्यायनिवाडा करणारा, न्यायाधीश. तंजावरच्या शिळेवर न्यायाधीशाचा आधार झाला. वृत्त आणि यमक यांची सोय हे त्याचे कारण असू शकेल. तरीही हा बदल सूचक आहे. दुर्बलाला न्यायासनासमोर जे मिळायला हवे ते त्याला कृपा म्हणून मिळावे, हा प्रकार कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पुढे पुन्हा पुन्हा घडला, आणि त्याची पहिली मोठी बळी ठरली ती सरफोजींच्याच घराण्यातील एक विधवा.

वेशीतला न्याय

बायबलच्या जुन्या करारात न्यायासाठी 'मिश्पात' आणि 'त्सेदाका' हे दोन शब्द वारंवार जोडीने येतात. त्सेदाका म्हणजे धर्माचरण, नीतीने वागणे. मिश्पातचा मूळ अर्थ अधिक काटेकोर आहे. समोर आलेल्या खटल्याचा निवाडा, आणि त्या निवाड्याने ज्याला जे मिळायला हवे ते, असे दोन्ही अर्थ या एका शब्दात सामावतात. अनुवादाच्या दहाव्या अध्यायात देवाच्या वर्णनात हा भेद स्पष्ट दिसतो. अनाथ आणि विधवा यांच्यासाठी तो मिश्पात करतो, तर परदेशातून येऊन राहिलेल्या उपऱ्याला अन्नवस्त्र देतो, असे तेथे म्हटले आहे. अन्नवस्त्र देणे आणि निवाडा करणे या दोन गोष्टी एकाच वाक्यात असूनही एकमेकींत मिसळलेल्या नाहीत.

हा निवाडा कोठे होई? नगराच्या वेशीत. हिब्रू 'शाआर' म्हणजे तटाचा दरवाजा. तेथे वडीलधारी माणसे बसत, व्यवहाराला साक्षीदार मिळत, तंटे तुटत. रूथच्या गोष्टीत बवाज हा भला गृहस्थ विधवा रूथच्या शेताचा आणि विवाहाचा प्रश्न वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवूनच मार्गी लावतो. मराठी वाचकाला हे चित्र परके वाटू नये. गावची वेस, चावडी, पांढरीतली गोतसभा, वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य असल्याचा घेतलेला राजीनामा, सर्वांच्या साक्षीने झालेला महजर, ही आपल्याकडील कागदपत्रांतून दिसणारी व्यवस्था याच जातीची आहे. दोन्हीकडे न्याय उघड्यावर होतो आणि दोन्हीकडे त्याचे मर्मस्थान एकच आहे : साक्ष. वेशीत कोणाच्या शब्दाला वजन आहे, यावर सारे अवलंबून.

बायबलमधील न्यायविषयक आज्ञा म्हणूनच साक्षीच्या आणि लाचेच्या भोवती फिरतात. एका साक्षीदारावर कोणाला दोषी ठरवू नये. खोटी साक्ष देणाऱ्याला तीच शिक्षा द्यावी, जी त्याने दुसऱ्यावर आणू पाहिली. लाच घेऊ नये, कारण ती डोळसालाही आंधळे करते. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात गरिबाचा न्याय विपरीत करू नका असे सांगण्यापूर्वीच, गरिबाच्या खटल्यात त्याचा पक्षपातही करू नका असे बजावले आहे, आणि लेवीयात पुन्हा गरीब आणि थोर या दोघांनाही एकाच मापाने मोजण्याची आज्ञा आहे. मराठीत 'कैवार घेणे' या शब्दप्रयोगात पक्ष घेण्याची छटा आहे. दुर्बलांचा कैवार हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो, पण बायबलचा न्यायाधीश या अर्थाने कैवारी नाही. दुर्बलाच्या शब्दाला तो बलवानाच्या शब्दाइतकेच वजन देतो. त्यापेक्षा अधिक काही त्याच्याकडून अपेक्षित नाही, पण एवढे करणेच बहुधा सर्वांत अवघड ठरते.

इयोब आपल्या वैभवाच्या दिवसांची आठवण सांगताना वेशीतल्या आपल्या आसनाविषयी बोलतो, आणि अनोळखी माणसाच्या दाव्याचाही आपण शोध घेत असू, असे सांगतो. पुढे आपल्या निर्दोषतेची शपथ घेताना तो एका पापाचा उल्लेख करतो, तो फारच मार्मिक आहे. वेशीत आपली माणसे आहेत हे पाहून आपण अनाथावर कधी हात उगारला नाही, असे तो म्हणतो. अन्याय करणाऱ्याचे बळ त्याच्या हातात नसून न्यायसभेतील त्याच्या ओळखीत असते, हे या प्राचीन कवीला नेमके ठाऊक होते. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा याच अनुभवाची आहे. राजाला मळा हवा, मालक वडिलोपार्जित वतन म्हणून तो द्यायला नाकारतो. राणी रीतसर सभा बोलावते, नियमाप्रमाणे दोन साक्षीदार उभे करते, आणि नाबोथ दगडांनी मारला जातो. सारी प्रक्रिया बिनचूक होते आणि न्याय तेवढा मरतो. आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्ताधीशाला तोंडावर दोषी ठरवले, ही स्मृती महाराष्ट्रात एवढी आदराने जपली जाते, त्याचे कारणही अशी उदाहरणे विरळ असतात हेच असावे.

नव्या करारातील लूककृत शुभवर्तमानात एका विधवेचा दृष्टान्त आहे. देवाला न भिणाऱ्या आणि माणसांची पर्वा न करणाऱ्या न्यायाधीशाकडे ती पुन्हा पुन्हा जाते. तिची मागणी मदतीची नाही. प्रतिवादीविरुद्ध आपला न्याय करावा एवढेच ती म्हणते. तंजावरकडे वळताना या विधवेला विसरून चालणार नाही.

शब्दाची पत

श्वार्ट्झ (१७२६–१७९८) हा प्रशियातील झोनेनबुर्ग येथे जन्मलेला, हाले येथे शिकलेला लूथरपंथी उपदेशक. डॅनिश वसाहत असलेल्या तरंगंबाडीत १७०६ पासून जे मिशन चालू होते, त्यात तो १७५० मध्ये दाखल झाला. त्रिचनापल्लीत काही वर्षे काढून १७७८ पासून तंजावर हे त्याचे कायमचे ठिकाण झाले. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी या भाषांबरोबर तो मराठीही शिकला. राजदरबाराची भाषा मराठी होती आणि दुभाष्यांवर विसंबून राहणे त्याला पसंत नव्हते.

त्याच्याविषयीच्या भक्तिपर चरित्रांत बरेच काही अतिशयोक्त आहे, हे मान्य करूनही त्याच्या व्यवहारातील एक गोष्ट निर्विवाद दिसते. त्याच्या शब्दाला पत होती. १७७९ मध्ये मद्रास सरकारच्या वतीने तो श्रीरंगपट्टणला हैदरअलीकडे बोलणी करण्यास गेला. हैदरने प्रवासखर्चासाठी दिलेले तीनशे रुपये त्याने स्वतःजवळ ठेवले नाहीत, तंजावरच्या मुलांच्या शाळेसाठी लावले. लाचेविषयीची आज्ञा त्याने किती शब्दशः घेतली होती, हे यावरून कळते. हैदरच्या स्वारीने १७८१ च्या सुमारास त्रिभुज प्रदेशाची धूळधाण झाली तेव्हा या पतीचा उपयोग झाला. किल्ल्यातील शिबंदी उपाशी होती, पण रयत धान्य आणि बैल आणीना, कारण पूर्वी नेलेल्या धान्याचे पैसे कोणी दिले नव्हते. राजाच्या आणि कंपनीच्या वचनावर विश्वास उरला नव्हता. श्वार्ट्झ पैशांना जामीन राहिला, आणि थोड्याच दिवसांत सुमारे हजार बैल आणि ऐंशी हजार कलम धान्य आले. कलम हे तेथील धान्याचे माप आहे. पुढे महसुली जुलमाला कंटाळून गावे सोडून गेलेल्या शेतकऱ्यांच्या बाबतीतही असेच घडले. पेरणीचा हंगाम उलटत चालला होता. श्वार्ट्झने हमी दिल्यावर एका दिवसात सात हजार माणसे परतली, असे त्याने स्वतः नमूद केले आहे.

या प्रसंगांचे कौतुक करताना त्यांचा दुसरा अर्थही लक्षात घ्यायला हवा. ज्या राज्यात रयतेला पिकाचा वाटा मिळण्यासाठी एका परदेशी पाद्र्याचा जामीन लागतो, त्या राज्यात दाद मागण्याची जागा उरलेली नाही, असाच त्याचा अर्थ होतो. व्यक्तीच्या सचोटीने न्यायसभेची उणीव भरून निघाली, पण ती व्यक्ती असेपर्यंतच.

तुळजाजी राजे यांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि श्वार्ट्झला बोलावून मुलाला त्याच्या हाती सोपवले. श्वार्ट्झने ती जबाबदारी एकट्याने घेण्यास नकार दिला. आपल्यासारख्या माणसाचे दरबारात काय चालणार, असे त्याचे म्हणणे होते. राजाचा सावत्र भाऊ अमरसिंह याला पालक नेमावे असा सल्ला त्याने दिला. सल्ला सद्हेतूचा होता, पण अनाथाला त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्याच ताब्यात देणारा ठरला. तुळजाजींच्या मृत्यूनंतर अमरसिंहाने दत्तकविधान अशास्त्र असल्याचा दावा मांडला. मुलाचे वय, तो जन्मदात्या बापाचा एकुलता मुलगा असणे, मरणासन्न राजाची मनःस्थिती असे आक्षेप होते. गव्हर्नर आर्चिबाल्ड कॅम्पबेल याने स्थानिक पंडितांचे मत घेतले, ते दत्तकाविरुद्ध पडले, आणि अमरसिंहाला गादी मिळाली.

येथे नाबोथाच्या कथेची आठवण होते. सभा भरली, शास्त्राधार दाखवले गेले, निर्णय लेखी झाला. त्या पंडितांनी दबावाखाली किंवा लोभाने मत दिले, असा आरोप पुढे झाला आणि त्याला बरीच मान्यता मिळाली. मधल्या काळात सरफोजीला वाड्यात जवळपास कोंडून ठेवण्यात आले होते. शिक्षण नाही, मोकळी हवा नाही. तुळजाजींच्या विधवांच्याही तक्रारी होत्या. श्वार्ट्झने हे सारे मद्रासला लिहून कळवले. १७९३ मध्ये मुलगा आणि राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. दत्तकाचा प्रश्न नव्याने उघडून काशी व बंगालमधील पंडितांकडे पाठवला गेला. तंजावरच्या दरबारापासून दूर असलेल्या या शास्त्र्यांनी दत्तक ग्राह्य असल्याचे मत दिले आणि जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झ त्याआधी चारच महिने, १३ फेब्रुवारीला, मरण पावला होता.

या प्रकरणात श्वार्ट्झने केलेली गोष्ट इयोबाच्या शब्दांत सांगता येण्याजोगी आहे : त्याने दाव्याचा शोध घ्यायला लावले. निर्णय धर्मशास्त्राच्याच आधारे झाला, बायबलच्या आधारे नाही. बदल एवढाच झाला की मत देणारे वेशीतल्या ओळखींपासून लांबचे होते. पण या न्यायाची किंमतही नोंदवली पाहिजे. ज्या कंपनीने सरफोजींना गादी दिली तिनेच २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्य घेतले. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. न्यायसभा, मुद्रितसभा, धर्मसभा अशी राजवाड्याशी संलग्न न्यायमंडळांची नावे तंजावरच्या कागदांत आढळतात, परंतु त्यांची सत्ता आता तटाच्या आत संपत होती. कावेरीकाठची गावे कंपनीच्या कचेऱ्यांकडे गेली.

सरफोजींनी स्वतः ज्याला आधार म्हणता येईल असे पुष्कळ केले. ओरत्तनाडचे मुक्ताम्बाळ छत्र (१८०२) आणि इतर छत्रे यांची व्यवस्था त्यांनी नेटाने सांभाळली. १८०१ मध्ये रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांत सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, अनाथ मुलांना पालनपोषण मिळते, याचे त्यांनी अभिमानाने वर्णन केले आहे. उपऱ्याला अन्नवस्त्र देण्याची अनुवादातील अर्धी आज्ञा एका हिंदू राजाने इतक्या ममतेने पाळलेली क्वचितच दिसते. उरलेली अर्धी, म्हणजे निवाडा, त्याच्या हातात राहिलीच नव्हती.

कामाक्षीबाईंचा दावा

सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता वारले. गादी संपुष्टात आल्याचे कंपनीने जाहीर केले. एवढ्यावर हे थांबते तर ते त्या काळातल्या अनेक खालसा प्रकरणांपैकी एक ठरले असते. पण पुढच्या वर्षी कंपनीचा अधिकारी फोर्ब्स याने वाड्याचा ताबा घेऊन राज्याबरोबर राजाची खाजगी मालमत्ताही, म्हणजे दागदागिने, जडजवाहीर, जमिनी, जप्त केली. राज्य गेले तरी घर कोणाचे, असा प्रश्न उभा राहिला. थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब यांनी तो मद्रासच्या सुप्रीम कोर्टात नेला. जॉन ब्रूस नॉर्टन हा त्यांचा वकील होता.

ही घटना जितक्या गांभीर्याने नोंदली जायला हवी तितकी मराठी इतिहासलेखनात नोंदली गेलेली नाही. पडद्यात राहणारी एक मराठी विधवा देशातील सर्वोच्च सत्तेला प्रतिवादी करते. तिने अर्ज-विनंत्या करून पेन्शन वाढवून घेण्याचा नेहमीचा मार्ग केवळ चोखाळला नाही, दावा लावला. हिंदू कायद्याप्रमाणे मृताची खाजगी मिळकत विधवेकडे वारसाने येते, आणि कंपनी तिची वारस नव्हे, एवढे तिचे सरळ म्हणणे होते. मद्रासच्या न्यायालयाने ते मान्य करून तिच्या बाजूने निकाल दिला. सत्तावन्नच्या उठावाच्या आगेमागे, कंपनीच्याच शहरात, कंपनीविरुद्ध हा निकाल लागला, हे विशेष. लूकच्या दृष्टान्तातील विधवेला मिळाले त्याहून हे अधिक होते, कारण येथे न्यायाधीश तिच्या तगाद्याला कंटाळून नव्हे, तिचे म्हणणे पटल्याने तिच्या बाजूने वळले.

कंपनीने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. कंपनीची सत्ता राणीच्या सरकारकडे गेल्यावर ते सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या नावाने चालले. १८५९ मध्ये लॉर्ड किंग्सडाउन यांनी वाचलेल्या निर्णयाने मद्रासचा हुकूमनामा रद्द झाला. या निर्णयाचे तर्कशास्त्र समजून घेण्यासारखे आहे, कारण ते आजही कायद्याच्या पुस्तकांत शिकवले जाते. कंपनीने ही जप्ती एखाद्या खाजगी दावेदाराप्रमाणे कायद्याच्या आधाराने केलेली नाही. एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या सत्तेबाबत केलेले ते कृत्य आहे. अशा राज्यकृत्याची तपासणी करण्याचा अधिकार देशातील कोणत्याही दिवाणी न्यायालयाला नाही. ते कृत्य न्याय्य होते की अन्याय्य, यावर मत देणे आपल्या कक्षेत येत नाही, असेही न्यायमंडळाने स्पष्ट केले.

म्हणजे राणीचे म्हणणे खोटे ठरले नाही. ते ऐकून घेण्याजोगेच नाही, असे ठरले. बायबलच्या परिभाषेत बोलायचे तर वेसच बंद झाली. हिब्रू संदेष्ट्यांनी राजालाही निवाड्याच्या कक्षेत ओढले होते; दाविदासमोर नाथान, अहाबासमोर एलीया उभा राहिला, तो याच गृहीतकावर की राज्य करणे ही गोष्टही मिश्पातच्या बाहेर नाही. श्वार्ट्झ ज्या ग्रंथाची पाने घेऊन तंजावरला आला होता तोच ग्रंथ प्रमाण मानणाऱ्या देशाच्या सर्वोच्च न्यायमंडळाने उलट भूमिका घेतली. त्या न्यायमूर्तींना अप्रामाणिक म्हणता येणार नाही. आपण कोठे थांबत आहोत हे त्यांनी लपवले नाही, आणि याच स्पष्टपणामुळे तो निर्णय अधिक बोचतो.

यानंतर जे झाले ते या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. १८६२ मध्ये सरकारने राजाची खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली. कामाक्षीबाईंना जे हवे होते त्यातील पुष्कळसे मिळाले, पण हक्क म्हणून नव्हे, सरकारची कृपा म्हणून. शिळेवर दय्यानचा आधार झाला होता. आता तेच कायद्यात घडले. या फरकाला व्यावहारिक परिणामही होते. मालमत्ता वारसाहक्काने आलेली की कृपादान म्हणून, यावर पुढे राण्यांमध्येच दावे लागले आणि मद्रासच्या न्यायालयाला १८६८ मध्ये त्यात लक्ष घालावे लागले. वाड्याच्या मोकासा गावांच्या वाटपाचे भांडण त्यानंतरही दीर्घकाळ चालले. कृपेची मर्यादा कोठे संपते हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणून कृपेचा वाद संपत नाही.

मिरासदार आणि पण्णैयाळ

राणीला निदान वकील मिळाला. त्याच मोकासा गावांच्या बांधावर राबणाऱ्याला काय मिळत होते, हा प्रश्न मागे राहतो, आणि तंजावरच्या मराठी वैभवाचा अभ्यास करताना तो सोयीस्करपणे मागेच ठेवला जातो. त्रिभुज प्रदेशात जमिनीचा वंशपरंपरागत हक्क असलेल्याला मिरासदार म्हणत. शब्द मराठी माणसाला घरचा वाटेल, पण तेथील मिरासदार बहुधा स्वतः नांगर धरत नसे. नांगर धरणारा तो पण्णैयाळ, म्हणजे मालकाच्या शेताला बांधलेला, मुख्यतः परैयर व पळ्ळर या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा मजूर. त्याला जमिनीसह गहाण टाकता किंवा विकता येत असे. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीच्या हक्काची अंमलबजावणी करण्यास न्यायालयांना मनाई केली. म्हणजे न्यायालयाचा दरवाजा मालकासाठी तेवढ्यापुरता बंद झाला. मजुरासाठी तो उघडला, असे मात्र म्हणता येत नाही. कर्ज, झोपडीची जागा आणि गावचा धाक यांनी बांधलेला माणूस कचेरीपर्यंत पोचणार कसा?

चर्चमध्ये तरी त्याच्या शब्दाला वजन आले का, हा प्रश्न रास्त आहे. श्वार्ट्झच्या मंडळीत वेळ्ळाळ आणि परैयर एकाच छपराखाली, पण वेगवेगळ्या बाजूंना बसत. ही रीत त्याने मोडली नाही. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सनने जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडण्याचा हुकूम काढला तेव्हा तंजावरच्या मंडळीत मोठी फूट पडली. श्वार्ट्झच्याच छायेत वाढलेले आणि सरफोजींचा आश्रय लाभलेले तमिळ कवी वेदनायगम शास्त्री हे जुन्या रीतीच्या बाजूने होते. वेशीतला समान न्याय मंदिरात वा चर्चमध्ये बसण्याच्या जागेपाशी अडखळतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात राजाजींच्या सरकारने १९५२ मध्ये तंजावर जिल्ह्यासाठी कुळे आणि पण्णैयाळ यांना संरक्षण देणारा कायदा केला. मालकांनी पण्णैयाळांना काढून रोजंदारीवर मजूर घेण्यास आरंभ केल्याने त्याचा परिणाम मर्यादित राहिला. साठीच्या दशकात पूर्व तंजावर भागातील शेतमजूर लाल बावट्याखाली संघटित होऊन भाताच्या रूपातील मजुरीत थोडी वाढ मागत होते, आणि मालकांनी आपली संघटना उभारून बाहेरगावचे मजूर आणण्यास सुरुवात केली होती. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी या गावात दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. जिवाच्या भीतीने एका झोपडीत शिरलेली ४४ माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, झोपडी पेटवल्याने जळून मेली. ती ख्रिस्तजन्माची रात्र होती, हा योगायोग अनेकांनी नोंदवला आहे. त्यावर अधिक भार टाकण्याचे कारण नाही.

भार टाकण्याजोगी गोष्ट न्यायालयात घडली. नागपट्टिणमच्या सत्र न्यायालयाने १९७० मध्ये जमीनमालकांच्या संघटनेच्या अध्यक्षासह काही आरोपींना दहा वर्षांच्या शिक्षा दिल्या. मद्रास उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सर्वांना निर्दोष सोडले. पुराव्यातील विसंगतींची चर्चा निकालात आहे, आणि संशयाचा फायदा आरोपीला देणे हे कोणत्याही न्याय्य न्यायालयाचे कर्तव्यच आहे. गरिबाचा पक्षपात करू नये ही आज्ञा येथेही लागू आहे. परंतु त्याच निकालात एक वेगळा तर्क आला. हे आरोपी मोठ्या जमिनींचे धनी, त्यांतील एकाकडे मोटारगाडी. अशी माणसे नोकरांना पुढे धाडून मागे राहतील, स्वतः पायी चालत जाऊन झोपड्यांना आग लावतील हे संभवत नाही, अशा आशयाचे ते विधान होते. लेवीयातील आज्ञा थोरांचे तोंड पाहून निवाडा करू नका असे सांगते, ती नेमकी अशा विधानाविषयी आहे. श्रीमंती हाच निर्दोषत्वाचा पुरावा झाला, तर वेशीत उभ्या राहिलेल्या मजुराच्या साक्षीचे वजन तो बोलण्यापूर्वीच ठरलेले असते. त्याच रात्री झालेल्या एका माणसाच्या खुनाबद्दल मजुरांपैकी काहींना मात्र शिक्षा झाली.

सरकारने गणपतिया पिळ्ळै आयोग नेमला, १९६९ मध्ये पूर्व तंजावरसाठी शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला, वस्तीला नवी घरे मिळाली. हा सर्व आधार होता आणि त्याची गरज होती. निवाड्याची जागा तो घेऊ शकला नाही.

या घटनेनंतर विनोबांच्या भूदान चळवळीतील कार्यकर्ते शंकरलिंगम जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ या भागात येऊन राहिले. मालकांशी वाटाघाटी करून, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना यांच्या साहाय्याने जमीन रास्त भावात विकत घ्यायची आणि भूमिहीनांना द्यायची, ही त्यांची पद्धत होती. १९८१ मध्ये त्यासाठी 'लाफ्टी' ही संस्था स्थापन झाली. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाण्याची जी योजना सांगितली आहे, तिच्याशी या कामाचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण कृष्णम्माळ यांची प्रेरणा गांधी, विनोबा आणि वळ्ळलार यांची होती. त्यांच्या कामातील एक तपशील मात्र या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. जमीन वाटून त्या थांबल्या नाहीत. दान म्हणून तोंडी दिलेली जमीन उद्या काढून घेता येते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून प्रत्येक तुकड्याचे खरेदीखत नोंदणी कचेरीत रीतसर नोंदवले जाई, आणि ते घरातील स्त्रीच्या नावाने केले जाई. कीळवेण्मणीतील बायकांनाही या मार्गाने जमीन मिळाली.